देवीसमोरून सायकलवरून न उतरता जाण्याबाबत

तहसील कार्यालयाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाच्या सावलीत माझे टेबल आहे. त्या टेबलावर बसून गेली कित्येक वर्षे मी लोकांच्या अडचणींना योग्य त्या नमुन्यात बसवीत आलो आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढचे राहून गेले. तथापि माझ्या हातचा अर्ज साहेब शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, असे कार्यालयाच्या शिपायाने मला एकदा खासगीत सांगितले होते, आणि शिपाई सहसा कोणाची स्तुती करीत नाही.

सांगायचे आहे ते मात्र अर्जाविषयी नाही, सायकलीविषयी आहे. निदान सुरुवात तिथूनच करणे उचित.

माझ्या जुन्या सायकलीला मागच्या चाकाशी बाटलीच्या आकाराचा डायनॅमो होता. खटका दाबला की त्याची चकरी टायरवर टेकायची, घर्र आवाज व्हायचा आणि समोरचा दिवा पेटायचा. संध्याकाळी वीज गेली की मी ती सायकल अंगणात स्टँडवर लावीत असे. बायको पायडल मारायची आणि मी त्या उजेडात अर्ज पुरा करायचो. दिवा मंद होऊ लागला की समजावे, तिचे पाय दुखू लागले.

"किती लिहून राह्यले जी?" ती विचारायची. "साहेबाले एवढं वाचाले येळ हाय काय?"

"शेवटचा परिच्छेद आहे."

"मघा बी शेवटचाच होता."

मागच्या वर्षी माझा मेव्हणा निवृत्त झाला. तो माजरीकडे कोळसा खाणीत वायरमन होता आणि वायर दिसली की त्याचा हात थांबत नाही. त्याने नागपुराहून एक नवे चाक आणले. त्याच्या मधोमध, जिथे साधा बारीक दांडा असायचा, तिथे तांब्याएवढी जाड डबी होती आणि तिच्यातून दोन तारा बाहेर आल्या होत्या.

"भाऊजी, आता बाटली-गिटली काई नाई," तो म्हणाला. "चाकाच्या पोटातच वीज हाय. चाक फिरलं का दिवा लागला. अन् हा डबा हँडलवर लावून देतो, याच्यातून मोबाईल चार्ज होते."

"आवाज?"

"आवाज तुमचाच येईन फक्त."

त्याने ते समोरच्या चाकाच्या जागी बसवून दिले. पहिल्या दिवशी मी विनाकारण तीन वेळा बाजारापर्यंत गेलो. दिवसाढवळ्या दिवा पेटलेला, खिशात जाणाऱ्या तारेच्या टोकाला फोन, आणि फोनावर ते हिरवे चिन्ह भरत चाललेले. आपल्या पोटऱ्यांतून निघालेली शक्ती आपल्याच खिशात जमा होते, हा अनुभव वर्णन करण्यास माझ्यासारख्याचीही लेखणी तोकडी पडते. चहावाल्याला मी सांगितले, "शंभर टक्के झाला." तो म्हणाला, "काय झाला?" मी सांगितले, "मीच."

आता मुख्य प्रकरण.

आमच्या गावापासून सात-आठ कोसांवर जंगलाच्या कडेला ढिवरांची एक वस्ती आहे. वस्तीला लागून जुना मालगुजारी तलाव आहे आणि त्या तलावावर या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकले. मागच्या खेपेला तलावाचा ठेका बाहेरच्या एका ठेकेदाराला गेला आणि वस्तीतले लोक आपल्याच तलावात मजुरीने मासे धरू लागले. यंदा तिथल्या बायांनी गट केला आणि ठेक्यासाठी अर्ज करायचे ठरवले. गटाची अध्यक्षा पन्नाशीची बाई, सायकलला टोपली बांधून तीन गावांत मासे विकणारी. ती माझ्या टेबलासमोर आली तेव्हा उभ्याउभ्याच म्हणाली, "भाऊ, माह्या बापानं, माह्या सासऱ्यानं याच पाण्यात जिनगी काढली. मले त्या ठेकेदाराले इचारून पाण्यात उतरा लागते. या खेपी गेला तं पाच वर्षं गेला."

ठेक्याचे अर्ज आता कागदावर चालत नाहीत, फोनावरून भरावे लागतात. मी माझ्या फोनावर सारा भरला, कागदपत्रे जोडली. उरले होते फक्त शेवटचे बटण, ज्यानंतर अध्यक्षेच्या नोंदलेल्या नंबरवर सहा आकडे येतात आणि ते भरले की अर्ज जमा होतो. ते बटण मी त्याच दिवशी दाबू शकलो असतो. परंतु त्यात एक रिकामी चौकट होती, 'अर्जदाराचे निवेदन' अशी, आणि ती अशीतशी भरून सोडणे मला प्रशस्त वाटले नाही. मी ते निवेदन आठ दिवस घडवले. हे येथे स्पष्टपणे नमूद करतो, कारण पुढचा सारा घोळ त्या आठ दिवसांतून निघाला.

नवव्या दिवसापासून भादव्यातली झड लागली. तीन दिवस पाणी थांबले नाही. जंगलात कुठेतरी झाड तारांवर पडले आणि त्या बाजूच्या सर्व गावांची वीज गेली. अध्यक्षेचा फोन लागेना. अखेरच्या दिवशी, ज्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता मुदत संपायची होती, झड उघडली आणि मी सायकल काढली. वाटेतल्या नाल्याच्या रपट्यावर पाणी गुडघ्याएवढे होते. सायकल खांद्यावर घेऊन मी पार झालो. मागे वळून पाहिले तेव्हा ते मांडीपर्यंत आलेले दिसले. परतीचा विचार तिथेच बाजूला ठेवला.

वस्तीत पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. माझा फोन मेव्हण्याच्या कृपेने काठोकाठ भरलेला. वस्तीतले बाकी सारे फोन तीन दिवसांपासून मेलेले. अध्यक्षेने आपला फोन कमरेच्या पिशवीतून काढला. बटणांचा, जुना, पाठीमागे रबर लावलेला. आतली बॅटरी पुरीसारखी फुगलेली होती.

"हा, तार लावली तरच जित्ता राह्यते," ती म्हणाली. "तार काढली का मेला."

"तुमचे सिम माझ्या फोनात घालू," मी म्हणालो.

सिम निघाले ते पहिल्या जमान्यातले, नखाहून मोठे. माझ्या फोनाचा खण तांदळाएवढा, आणि वस्तीतल्या बाकी फोनांचेही तसेच. तिच्या मोठ्या जावेने मासे कापायची विळी पुढे सरकवली. "कापून देतो ना जी. रोहूचं डोकं कापतो तं हे काय हाय!"

मी ते सिम मुठीत घट्ट धरले. शासनदरबारी नोंदलेला नंबर विळीवर कापू देणे मला शक्य नव्हते.

"चिंता करू नका," मी म्हणालो. "वीज मी सोबत आणली आहे."

हे वाक्य मी जरा मोठ्याने बोललो असावे, कारण सारी वस्ती जमा झाली. मी सायकल चौकात स्टँडवर लावली, हँडलवरच्या डब्यातून तार अध्यक्षेच्या फोनाला जोडली, सीटवर बसलो आणि पायडल मारू लागलो. मागचे चाक गरगर फिरू लागले. फोन निश्चल. मी जोर वाढवला. टोपी पडली. जवळची बकरी दूर जाऊन उभी राहिली. मी आणखी जोर लावला. सायकल स्टँडवर नाचू लागली आणि घाम माझ्या चष्म्यावर आला.

अध्यक्षेचे सासरे, काठी टेकून उभे असलेले वृद्ध गृहस्थ, बराच वेळ पाहत होते. ते म्हणाले, "भाऊ, घुमून राह्यलं मागचं. तार तं समोरच्याले लागली हाय."

मी खाली पाहिले. समोरचे चाक जमिनीवर शांत टेकलेले होते. बाटलीच्या डायनॅमोची कित्येक वर्षांची सवय माझ्या पायांत होती. नवे चाक फक्त डोक्यात होते.

त्यानंतर जे हसू झाले त्याला सीमा नव्हती. बाया एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. जाऊ म्हणाली, "भाऊ, अजून मारा, मागच्या चाकाले चांगला वारा येते!" मलाही हसू आवरेना, आणि मी सहसा सार्वजनिक ठिकाणी हसत नाही.

मग सायकल उलटी करून समोरचे चाक हाताने फिरवून पाहिले. दोन बाया समोरासमोर बसून, जात्यावर बसावे तशा, चाकाला थापा मारीत होत्या. फोन टिंग करून जागा व्हायचा, हात थांबला की पुन्हा मरायचा. टिंग, मेला. टिंग, मेला. अशा वीजपुरवठ्यात सहा आकडे येणे अशक्य होते. शिवाय वस्तीत नेटवर्कच नव्हते.

"नेटवर्क कुठे मिळते?"

"तलावाच्या पाळीवर," अध्यक्षा म्हणाली. "देवीपाशी. बाकी कुठीच नाई."

तेव्हा निष्कर्ष स्पष्ट झाला. सायकल पाळीवर चालवायची, न थांबता, आणि चालत्या सायकलीवर आकडे वाचायचे. मी माझ्या फोनासह देवीपाशी उभा राहणार, म्हणजे सायकल दुसऱ्याने चालवायची. माझी सायकल! मी सभोवार पाहिले.

अध्यक्षेने पदर कमरेला खोचला. "द्या इकडं. पंधरा वर्षं झाली मासे घेऊन चालवून राह्यली मी."

तलावाचा बांध, म्हणजे ही पाळ, लांब आणि रुंद आहे. एका टोकाला सांडवा, दुसऱ्या टोकाला वडाचे झाड, मधोमध शेंदूर लावलेला दगड. तीच तलावाची माय. अध्यक्षा वडापासून सुटली. दिवा पेटला, हँडलला रुमालाने बांधलेला फोन टिंग करून जागा झाला, पडद्यावर उजेड आला. बाया ओरडल्या. ती वेगाने आली, आणि देवीसमोर येताच टुण्‌कन उतरली. फोन मेला.

"काऊन उतरली?" जाऊ ओरडली.

"मले काय माहीत! पायच उतरले."

ती पुन्हा गेली, पुन्हा आली, पुन्हा उतरली. तिसऱ्यांदा तिने उतरायचे नाही असे ठरवून दात आवळले आणि दगडाच्या दोन हात आधी तरीही तिचे पाय जमिनीला लागले. सासरे म्हणाले, "माह्या बापाच्या बापापासून मायसमोरून कोनी चढून गेला नाई. बंडीवाला उतरते, घोड्यावरचा उतरते. सून बी उतरनच."

साडेतीन वाजून गेले होते. अध्यक्षा सायकल धरून उभी होती आणि तिचे डोळे तलावावर होते. पाणी काठोकाठ, गढूळ, चमकणारे. ती हळू बोलली, "मामंजी, आज नाई झालं तं हे पाणी ठेकेदाराचं."

सासऱ्यांनी बराच वेळ काठीने माती उकरली. "मंग मायले इचारा."

"कसं इचारू?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी पिशवी उघडली. इतकी वर्षे मी ज्या ज्या दारी अर्ज दिले, त्या कोणत्याही दारी मला अर्जासाठी असे कोणी बोलावले नव्हते. मी पाळीवर मांडी घातली, फळी मांडीवर घेतली आणि लिहिले:

'प्रति, माननीय देवीमाय, तलावाची पाळ, मुक्काम येथेच.

विषय: आजच्या एका दिवसापुरते आपल्यासमोरून सायकलवरून न उतरता जाण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदये, उपरोक्त विषयान्वये सविनय निवेदन करण्यात येते की, अर्जदार ही आपल्याच पाण्यावर वाढलेली सून असून, तिने चालवावयाच्या सायकलीच्या समोरील चाकात वीज तयार होते व चाक थांबताच ती बंद पडते. तरी अर्जदाराचे न उतरणे हा उद्धटपणा समजण्यात येऊ नये. सदर सवलत फक्त सायंकाळी पाच वाजेपर्यंत असावी. पाचनंतर अर्जदार पूर्वीप्रमाणे उतरेल.'

मी ते उभे राहून मोठ्याने वाचले. निवेदन आठ दिवस घडवणाऱ्या माणसाने हे सहा मिनिटांत लिहिले, याचे मलाच आश्चर्य वाटले.

"माही ना हरकत टाका त्याच्यात," सासरे म्हणाले. मी टाकली. त्यांनी शेंदराच्या वाटीत अंगठा बुडवून ठसा दिला. बायांनी एकामागून एक ठसे दिले. कागद लाल झाला. अध्यक्षेने तो दगडाच्या पायाशी ठेवला आणि वर गोटा ठेवला.

आम्ही थांबलो. कार्यालयात अर्ज दिल्यावर काय करावे हे मला पूर्ण ठाऊक आहे. इथे माझा अनुभव तोकडा पडला. इतक्यात पाण्यात मोठा मासा उडाला आणि धप्पकन पडला. भादव्यात त्या तलावात दर घटकेला मासा उडतो. हे तिथे माझ्याहून सर्वांना जास्त माहीत होते, पण कोणीही बोलले नाही.

"मंजूर," सासरे म्हणाले.

आता व्यवस्था मी ठरवली. खडबडीत पाळीवर, वेगात, त्या बारीक पडद्यावरून एका नजरेत एकच आकडा वाचता येणार. म्हणून देवीपासून पुढे सहा बाया अंतराअंतराने उभ्या केल्या. अध्यक्षेने प्रत्येकीजवळून जाताना एक आकडा सांगायचा, आणि त्या बाईने तो पोटात धरून ठेवायचा. एक बाई, एक आकडा.

ती वडापासून सुटली. मी बटण दाबले. ती देवीसमोर आली, पाय उतरायला निघाले, पण पायडलवरच राहिले. सासऱ्यांनी तिच्या वतीने हात जोडले. फोन वाजला. "आला!" ती ओरडली आणि अंगठ्याने कळ दाबली. "चार!" पहिल्या बाईने तोंडावर हात ठेवला, आकडा पडू नये म्हणून. "सात!" "दोन!" सांडव्यापर्यंत सहा बाया सहा आकडे घेऊन उभ्या.

त्या धावत माझ्याकडे आल्या. मी एकेकीकडून घेऊन भरले. फोनाने लाल अक्षरांत सांगितले: चुकीचे आकडे.

"तुम्ही साऱ्या आपापल्या जागेवरच होतात ना?" मी विचारले.

मोठी आणि धाकटी जाऊ एकमेकींकडे पाहू लागल्या. धाकटी म्हणाली, "ऊन लागत होतं जी. हिनं मले सावली दिली, मी तिची जागा घेतली."

"आकडा घेतल्यावर की घेण्याआधी?"

"मधात!"

सव्वाचार झाले होते. मी पुन्हा बटण दाबले. अध्यक्षा परतून आली, पण या खेपेला जावांची गोष्ट तिला कोणीतरी सांगितली असावी, कारण ती सायकलवर हसत होती, आणि हसताना पाय ढिले पडतात. देवीच्या पुढे दहा हातांवर फोन मेला.

"हसू नको वो!" सारी पाळ ओरडली आणि सारी पाळ हसू लागली. सासरे सुद्धा. माझ्या हातातला फोन हलत होता.

"बाई," मी म्हणालो, "पाच वर्षांचे पाणी आहे."

तिचे हसू थांबले. तिने सायकल वडापर्यंत नेली, तिथे क्षणभर उभी राहिली आणि सुटली. मी इतक्या वर्षांत त्या सायकलीला तसा वेग कधी दिला नाही. समोरचा दिवा दिवसाही डोळ्यांत शिरत होता. देवीसमोरून ती वाऱ्यासारखी गेली. मी बटण दाबले. पहिल्या फेरीत फोन वाजला नाही. ती सांडव्यापाशी वेग न सोडता गोल वळली आणि परत आली, आणि वडापाशी पुन्हा वळली. सायकलसोबत आमच्या साऱ्यांच्या माना इकडून तिकडे. तिसऱ्या फेरीत टिंग झाली. "नऊ! एक! एक! सहा!" जावा एकमेकींचा हात धरून जमिनीत रोवल्यासारख्या उभ्या. "शून्य! पाच!"

मी एकेका बाईजवळ स्वतः गेलो. कोणालाही हलू दिले नाही. शेवटचा आकडा भरला आणि बटण दाबले. फोनावर एक चक्र फिरू लागले. ते बराच वेळ फिरले. सायकलही फिरतच होती, कारण तिला थांब म्हणायचे कोणालाच सुचले नाही.

मग अक्षरे आली: आपला अर्ज जमा झाला.

मी ते नीट वाचून दाखवणार होतो, पावती क्रमांकासह. तोंडातून फक्त "झाला!" निघाले, आणि तेही माझ्या नेहमीच्या आवाजात नव्हे. बायांनी मला धरून गोल फिरवले. माझी टोपी तलावात गेली. मी माझे टेबल, माझे वय आणि माझी प्रतिष्ठा विसरून, चिखलात, तोल जाईपर्यंत फिरलो.

अध्यक्षा अजून फेऱ्या मारीत होती. "थांब ना आता!" जाऊ ओरडली.

"पाचाले टाइम हाय!" ती सांडव्याकडून ओरडली. "मायनं पाचपर्यंत देल्लं हाय!"

ती खरोखर पाचपर्यंत फिरली. माझ्या फोनावर पाच वाजले तेव्हा मी हात वर केला. ती देवीच्या अलीकडे उतरली, चप्पल काढली, सायकल हाताने धरून दगडासमोरून चालत गेली. फोन मेलेला होता. पण मेव्हण्याने दिव्यात अशी काही सोय केली आहे की चाक थांबल्यावरही तो थोडा वेळ पेटलेला राहतो. तो उजेड दगडावर, शेंदरावर आणि गोट्याखालच्या कागदावर पडत पुढे गेला.

ठेका बायांना मिळाला. आदेशात माझ्या निवेदनाचा एकही शब्द नव्हता; त्यात काही शब्द उद्धृत करण्याजोगे होते असे माझे मत आजही आहे. पहिल्या जाळ्याचे रोहू माझ्या घरी आले. बायकोने ते करताना विचारले, "शेवटचा परिच्छेद किती मोठा होता?" मी उठून सायकल पुसायला घेतली.

देवीच्या पायाशी ठेवलेला कागद पावसात विरघळला असावा. त्याची स्थळप्रत मी ठेवली नाही, आणि ती एकमेव चूक मला खरोखर सलते.

अध्यक्षेने मेव्हण्याकडून तसेच चाक बसवून घेतले. आता ती बाजाराच्या दिवशी तहसिलीवरून जाते. भर दुपारी दिवा पेटलेला, टोपलीत मासे, हँडलवर नवा फोन. देवीसमोर ती आजही उतरते. माझ्या टेबलासमोर मात्र ती उतरत नाही. वेग कमी न करता ओरडते, "भाऊ, शंभर टक्के!" आणि पुढे निघून जाते. मी अर्ज लिहीत असलो तरी मान वर करतो.